विहीणबाईंनी गिळलेला 'स'

माझा धंदा लोकांना तोंड उघडायला लावण्याचा. माहूजमधल्या एका दवाखान्यात मी दातांची डॉक्टर आहे. बहारीनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की माणूस कुठला हे ओळखायला पासपोर्ट बघावा लागत नाही. खुर्चीत टेकण्याआधी तो काय म्हणतो ते ऐकावं. इथल्या बायका दाढ ठणकत असली, गाल भोपळ्याएवढा सुजला असला, तरी आधी 'शलोनिच' विचारतात. शब्दशः अर्थ, तुझा रंग कसा आहे. मग 'शखबारिच', म्हणजे बातमी काय. मी 'अल्हमदुलिल्ला' म्हटलं की पुन्हा एकदा रंग. उत्तर कुणालाच नको असतं. आपणही तेवढ्याच वेळा विचारायचं आणि मग दाढेकडे वळायचं. रत्नागिरीकडचे आमचे मुसलमान पेशंट सलाम झाल्याबरोबर 'काय डॉक्टर, गावाला कधी जाताव?' विचारतात. पुण्याची माणसं मात्र घड्याळ दाखवतात.

घड्याळ दाखवणाऱ्यांपैकीच एकाशी माझं लग्न झालं आहे.

आमचे हे मनामातल्या एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहेत. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल महिन्याला पगार घ्यायचा. नोकरी आणि स्वभाव इतके जुळून आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बाईसुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासरच्या स्वयंपाकघराच्या दारात मी 'आलो हं' म्हटलं आणि ह्यांच्यासकट सगळं घर हसलं. हसण्यामागे वाईट हेतू नव्हता, असं मला नंतर सांगण्यात आलं. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. 'पानी' नव्हे, पाणी. 'लई' नव्हे, खूप. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, अगदी प्रेमाने. मी शिकलेली बाई, लोकांच्या अक्कलदाढा उपटणारी, पण वर्षभरात आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखी बोलायला लागले. हे लिहितानाही बघा, 'लागले' असंच लिहिलं.

माझ्या आईची गोष्ट मात्र मी विसरलेली नाही. लेक लहान असताना आईचा शुक्रवारी गावाहून फोन यायचा. 'काय करालीस गं बाय?' असं ती नातीला विचारायची आणि नात तसंच्या तसं तिला परत विचारायची. एकदा ह्यांनी ते ऐकलं. पोरीला समोर उभं करून म्हणाले, 'आजी बोलते तसं बोलायचं नाही हं. ते अशुद्ध असतं.' फोन चालूच होता. पलीकडे आईने ऐकलं. त्यानंतर ती नातीशी कधीही आपल्या तोंडच्या भाषेत बोलली नाही. 'तू काय करत आहेस? अभ्यास करतेस ना?' एकेक शब्द चाचपत, दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडल्यासारखं बोलायची. दोन वाक्यांत तिचं संपायचं. मग, 'आईला दे.' ती जाईपर्यंत हेच चाललं. नात पुढे सगळ्याच प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत द्यायला लागली, म्हणजे घरातलं अशुद्ध गेलं आणि त्याच्या पाठोपाठ शुद्धही गेलं. याबद्दल मी ह्यांना माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

आई गेल्यावर तो शुक्रवारचा फोन माझ्या थोरल्या बहिणीकडे आला. सुट्टीच्या सकाळी हे समुद्राकडे चालायला जातात, तेवढ्या वेळात मी तो करून घेते.

तर लेक मोठी झाली, इथेच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली आणि तिने एक कोलंबियन मुलगा पसंत केला. मुलगा जुफैरला राहतो, एका शाळेत पोरांना पोहायला शिकवतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा न सांगता दारात बूट काढले आणि आमटीभात मागून घेतला. मला तेवढं पुरे होतं. अडचण एकच, त्याची आई. विधवा, एकुलता एक मुलगा, आयुष्यभर शाळेत शिक्षिका. मुलगा इतक्या लांब जाऊन बसला याचंच तिला दुःख, त्यात आता सूनही लांबची.

'She has to like us, आई,' लेक म्हणाली. 'ती नको म्हणाली तर तो लग्न नाही करणार. He told me straight. And I can't ask him to choose.' एरवी बापाला घोळात घेणारी पोर, पण हे बोलताना तिने माझा हात घट्ट धरला.

तर या बाई व्हिजिट व्हिसावर येणार, आमच्याकडे राहणार (मुलाचा स्टुडिओ म्हणजे पलंग आणि फ्रिज यांच्यामधली वाट), आम्हाला बघणार आणि मग ठरवणार. थोडक्यात, बघण्याचा कार्यक्रम होता आणि या वेळी पोहे घेऊन जाणारे आम्ही होतो.

हे ऐकून ह्यांनी स्पॅनिश शिकायला घेतली. खरं सांगते, मला बरं वाटलं. माणूस लेकीसाठी साठीला टेकताना नवी भाषा शिकतो, यात नाव ठेवण्यासारखं काय आहे? ते पुढे दिसलं. मनामातल्या क्लासची बाई स्पेनची होती आणि ह्यांना तेच हवं होतं. 'शिकायची तर मूळ ठिकाणची शिकावी,' हे म्हणाले. कुठल्याही भाषेला एक सदाशिव पेठ असतेच, आणि प्रवेश घ्यायचा तर तिथेच, अशी ह्यांची श्रद्धा आहे. आठवडाभरात घरात 'ग्राथियास' सुरू झालं. स्पेनमध्ये धन्यवाद म्हणताना जीभ दातांमध्ये धरतात. दातांच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही, पण जेवायला वाढताना दर वेळी समोरच्याची जीभ बघावी लागते.

होणारा जावई एकदा भीत भीत म्हणाला, 'Sir, आमच्याकडे कुणी असं नाही म्हणत. आम्ही ग्रासियास म्हणतो. माझ्या गावी तर शेवटचा स पण नाही. ग्रासिया.'

'असेल. पण शुद्ध उच्चार?' हे म्हणाले.

पोराने आमटीत डोकं घातलं. त्याचं गाव समुद्रकाठचं. लेकीने मला समजावलं होतं की त्यांच्या राजधानीत, वर डोंगरावर, लोक एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, आपण आपण करतात, काही घरांत तर बायकोला आणि कुत्र्यालासुद्धा. किनाऱ्यावर मात्र सगळे एकजात तू. आणि त्यांचं 'तू' म्हणजे आपलंच तू, उच्चारासकट. शिवाय किनाऱ्यावरची माणसं शब्दाच्या शेवटी आलेला स गिळतात. मला हे ऐकून त्या किनाऱ्याबद्दल उगाच माया वाटली.

दवाखान्यात मी कान देऊन होते. खुर्चीत सगळ्या देशांची तोंडं येतात. एक मेक्सिकोचा इलेक्ट्रिशियन आल्या आल्या 'के ओन्दा' म्हणतो, म्हणजे लाट कशी आहे. अर्जेंटिनाची एक बाई मी मास्क लावलेला असला तरी गालाला गाल लावल्याशिवाय आ करत नाही. एकदा जुफैरच्या अमेरिकी नौदल तळावरचा एक दांडगा खलाशी आला, दंडावर गोंदवलेला वाघ. मूळचा कुठल्याशा कॅरिबियन बेटावरचा. दाढ काढायची म्हटल्यावर त्याने फोन काढला, आईला लावला आणि म्हणाला, 'बेन्दिसिओन, मामी.' त्यांच्याकडे मामी म्हणजे आई, आणि तिच्याशी बोलणं असंच सुरू होतं, आशीर्वाद दे म्हणून. तिकडून आशीर्वाद आल्यावर वाघाने तोंड उघडलं. मी हे सगळं घरी येऊन ह्यांना सांगितलं.

'ते बोलीत चालतं,' हे म्हणाले आणि पुस्तक उघडून 'कोमो एस्ता उस्तेद', म्हणजे आपण कसे आहात, घोकायला लागले.

मग आला मुक्यांचा धडा. क्लासच्या बाईंनी सांगितलं की स्पेनमध्ये भेटल्यावर दोन्ही गालांना गाल लावून दोन मुके घेतात, नुसते हवेतले. हे दोन दिवस पुस्तक उघडेनात. विहीणबाईंचा मुका! पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या दिवशी आरशासमोर मान आधी एकीकडे, मग दुसरीकडे, असा सराव करताना मी ह्यांना पाहिलं. 'बाबा, just do namaste,' लेक म्हणाली. 'आपल्याला त्यांच्या पद्धतीचा मान ठेवला पाहिजे,' हे म्हणाले. त्यांची पद्धत म्हणजे कुणाची, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

विमानतळावर बाई आल्या. बुटक्या, रुंद, मोठ्या फुलांचा शर्ट, हातात स्वतःपेक्षा जड पिशवी. मुलाला आवळलं, रडल्या, मग लेकीकडे वळून सगळ्या आगमन कक्षाला ऐकू जाईल असं ओरडल्या, 'आहा, ई के?' त्यांच्या किनाऱ्यावरचं हे राम राम. शब्दशः म्हणायचं तर 'हां, आणि काय?' मला आत कुठेतरी ओळखीचं वाटलं, पण तेव्हा पकडता आलं नाही. मग मी. एका गालाला गाल, मुक्याचा आवाज, खलास. मग हे. ह्यांनी डोळे मिटले होते. बाईंनी एक मुका दिला आणि त्या ट्रॉलीकडे वळल्या. ह्यांनी दुसरा गाल पुढे केला तो हवेतच राहिला, मान वाकडी, डोळे मिटलेले, शेजारून माणसं सामान ढकलत चाललेली.

'दुसरा मफी, बाबा,' लेक कानात म्हणाली. मफी म्हणजे इथल्या बाजारी अरबीत 'नाही'. 'कोलंबियात एकच असतो.'

गाडीत बाईंनी मागच्या सीटवरून ह्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, तू कसा आहेस? हे गाडी चालवता चालवता मला मराठीत म्हणाले, 'मला तू म्हणाल्या.' आता कळतं की तो गाल आणि तो तू, दोन्ही आत साठत होते.

दारात मी ओवाळलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ताम्हनातलं निरांजन माझ्या हातातून घेऊन उलट मलाच ओवाळलं. मग उंबऱ्यात उभं राहून, दोन्ही हात पसरून, अख्ख्या घराला उद्देशून त्या म्हणाल्या, 'बुएना नोचे!' शुभ रात्री, तिकडे रात्री भेटल्यावरही हेच म्हणतात. दोन्ही शब्दांचा स किनाऱ्यावरच ठेवून आलेल्या.

आणि आमच्या ह्यांनी बोट वर केलं.

'बुएनासss नोचेसss,' हे हसत म्हणाले. बँकेत नव्या पोरांना सांगतात तसं. 'You dropped the S. Both times.'

ज्यांना हे खरं वाटत नसेल त्यांनी आपल्याकडच्या एखाद्या शुद्धलेखनवाल्याबरोबर संसार करून बघावा. काही महिन्यांचा क्लास झालेला माणूस, जिने जन्मभर त्या भाषेत पोरांना शिकवलं तिची भाषा तिला तिच्या तोंडावर दुरुस्त करून देत होता. जावयाचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, 'बुएनास नोचेस, सेन्योर.'

हे खूश. 'बघ, जमतं की त्यांना,' मला म्हणाले.

त्यानंतर बाईंचं बोलणं बंद झालं. सकाळी 'सी', दुपारी 'नो', जेवल्यावर 'ग्रासियास', शेवटच्या 'स'सकट. मी त्यांना मनामाच्या सूकमध्ये फिरवलं, मसाल्यांच्या दुकानात, सोनारांच्या गल्लीत. त्या मान डोलवत राहिल्या. मी मोबाईलवर मराठीत बोलून तो त्यांच्यापुढे धरला, तर आतली भाषांतरवाली बाईसुद्धा जीभ चावून 'ग्राथियास' म्हणाली. विहीणबाईंनी मोबाईलकडे असं पाहिलं की मी तो पर्समध्ये टाकला. गुरुवारी हे जेवताना म्हणाले, 'फार सुसंस्कृत बाई आहेत. मितभाषी.' मला ताट फेकावंसं वाटलं.

त्याच रात्री लेक माझ्या खोलीत येऊन रडली. मुलाने तिला सांगितलं होतं. त्याची आई मितभाषी वगैरे काही नव्हती. घरी ती अशी बोलते की काय शिजतंय ते गल्लीच्या टोकाला कळतं. पण तरुणपणी ती राजधानीतल्या शाळेत नोकरीला गेली होती. तिथे शिक्षकांच्या खोलीत ती तोंड उघडायची आणि बाकीचे हसायचे, तिच्यासारखं बोलून दाखवायचे. तिने नोकरी सोडली, किनाऱ्यावर परत आली ती आली. 'आणि आता ती त्याला विचारतेय, तिकीट आधीचं करून मिळेल का. ती नाही म्हणणार, आई. I know it.'

ती झोपल्यावर मी ह्यांना जाऊन सांगितलं. हे म्हणाले, 'मी तर मदत करत होतो.' मला खात्री आहे की ह्यांना खरोखरच तसं वाटत होतं. तेच तर वाईट आहे.

शुक्रवार उजाडला. हे टोपी घालून समुद्राकडे गेले. मी ओट्यावर चढून बसले, पाय वर घेतले, शेजारी चहा ठेवला आणि बहिणीला फोन लावला. मन इतकं कडू झालं होतं की आवाजावर ताबा राहिला नाही.

'काय गं, जित्ती हैस न्हवं?'

'तुला सोडून मरतो व्हय मी? न्ह्यारी झाली काय?'

'कशाची न्ह्यारी! अगं, ह्यांनी त्या बाईचं बोलनं सुधारलं की!'

'आता गं बया! तिच्याच भाषेत?'

'तर काय! तिच्याच घरातलं तिलाच शिकवालेत.'

बहीण अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग मीही हसले. हसता हसता मी ह्यांच्या त्या हवेतल्या गालाची नक्कल केली, ती फोनवर तिला दिसणार नव्हती, तरी केली. मान वाकडी करून डोळे उघडले तर दारात विहीणबाई उभ्या, गाऊनवर, केस मोकळे. मागे लेक.

बाईंनी लेकीला काहीतरी विचारलं.

'आई, ती विचारतेय, ही कुठली language?'

'मराठी. सांग की.'

लेकीने सांगितलं. बाईंनी जोरात मान हलवली. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या बोलल्या, बराच वेळ, बोट माझ्याकडे, मग बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. लेक अडखळत सांगत गेली. 'ती म्हणते, नाही. तू बाबांशी बोलतेस ती मराठी, ती रोज ऐकतेय मी. ही ती नाही. त्या भाषेत तू तिकडे खुर्चीत सरळ बसतेस. या भाषेत तू इथे वर बसलीयस, पाय घेऊन.' लेक थांबली. मग स्वतःहून म्हणाली, 'आई, is that true? या दोन वेगळ्या आहेत?'

जिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता तिने ते नुसत्या कानाने ओळखलं होतं. माझ्या पोटच्या पोरीला ते माहीत नव्हतं, कारण तिच्या कानावर ते पडू दिलं गेलं नव्हतं. मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम, आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले.

बाई पुढे आल्या. ओट्यावर हात आपटून म्हणाल्या, 'आहा, ई के?'

'कोन हाय गं ती?' बहीण फोनवरून ओरडली.

'विहीन हाय.'

'काय म्हनालीया?'

विमानतळावर पकडता आलं नव्हतं ते आता आपोआप तोंडातून आलं. 'म्हनालीया, काय मग!'

'काय मग, विहीनबाई!' बहीण तिकडून इतक्या मोठ्याने ओरडली की तिच्या शेजारच्यांनाही कळलं असेल. बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या तिला जे काही सांगायला लागल्या ते थांबेचना. बहीण तिकडून मधूनमधून 'व्हय व्हय', 'बरं बरं' घालत होती. 'कोमो आमानेसिते?' बाईंनी तिला विचारलं. लेक म्हणाली, याचा अर्थ तू कशी उजाडलीस. मी म्हटलं बरोबर आहे. इथल्या बायका रंग विचारतात, ही उजाडणं विचारते, आमच्याकडे जित्ती आहेस का ते विचारतात. बहिणीने प्रश्न न कळताही कशी उजाडली ते सविस्तर सांगितलं, दुखऱ्या गुडघ्यासकट. एकीलाही दुसरीचं काही कळत नव्हतं आणि कुणीही कुणाला थांबवत नव्हतं.

तेवढ्यात जावई न्याहारीला आला. आईचा आवाज जिन्यातच ऐकून तो धावत वर आला होता. पाठोपाठ हे, घामाघूम, टोपी हातात. स्वयंपाकघरात सगळे एकदम बोलत होते. बाई ह्यांना बघून थांबल्या नाहीत. उलट ह्यांच्याकडे वळून, पूर्ण वेगात, सगळे स गिळत त्या काहीतरी सांगू लागल्या. ह्यांनी कान दिला. कपाळावर आठी पडली. आणि बोट वर जायला लागलं.

'ओ, तोंड मिटा आदी!' मी म्हणाले.

दवाखान्यात मी दिवसभर 'आ करा' आणि 'मिटा' म्हणते. घरात ते कधी म्हटलं नव्हतं, आणि या भाषेत तर नाहीच. ह्यांचं बोट अर्ध्यावर.

'आधी,' हे म्हणाले. सवयीने.

लेक फिस्सकन हसली. तिने ते बाईंना स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि बाई हसत हसत ओट्याला धरून खाली वाकल्या, ठसका लागला, जावयाने पाठ थोपटली. शेवटी हेही हसले, थोडं उशिरा, एकट्याने उभं राहायची लाज वाटून.

पोहे खाताना बाई मुलाशी बोलायला लागल्या. हसू गेलं होतं. मुलगा इंग्रजीत सांगत होता, मी आपल्या शब्दांत लिहिते. मुलगी मला पहिल्याच दिवशी आवडली, त्या म्हणाल्या. भीती दुसरीच होती. उद्या यांना मुलं होतील. त्यांना या घरात कुणी सांगितलं, आजी बोलते तसं बोलायचं नाही, तर मी काय करू? माझ्या नातवंडांशी मी मग काय बोलू?

मी घास खाली ठेवला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर ताटात घातली. तो फोन ह्यांनाही आठवला असावा. नसेल आठवला तर मी आठवण करून देणार आहे, आणि एकदाच नाही.

'म्हणजे? हो की नाही?' लेक म्हणाली.

'हो,' जावई म्हणाला. 'She says yes. पण एक अट आहे. मुलांना तिच्यासारखं बोलू द्यायचं. कुणी दुरुस्त करायचं नाही.' आमच्या ह्यांच्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. बाईंना झालं. त्या बघतच राहिल्या.

'ग्रासिया,' हे ताटाकडे बघत म्हणाले. जीभ दातांमध्ये न घेता आणि शेवटचा स न लावता. क्लासच्या बाई तिथे असत्या तर त्यांनी कान धरला असता.

बाईंनी तिकीट आधीचं केलं नाही. उलट शेजारच्या फ्लॅटमधली बहारिनी बाई त्यांना जिन्यात 'शलोनिच' विचारते आणि या तिला 'आहा, ई के' विचारतात, असं रोज चालू झालं. दोघी दारात इतका वेळ उभ्या राहायच्या की मला चहा तिथेच न्यावा लागायचा.

त्यांना विमानतळावर सोडून आल्यानंतरच्या शुक्रवारी मी ओट्यावर बसून बहिणीला फोन लावला. घंटा वाजत होती तोच लेक उठून आली. एरवी सुट्टीला ती दुपारपर्यंत दिसत नाही. ती उडी मारून माझ्या शेजारी वर बसली, पाय लोंबकळत, आणि फोन माझ्या हातातून घेतला.

'काय करालीस गं?' ती म्हणाली.

पलीकडून बहिणीचा आवाज आला.

'आता गं बया. ही तर आईगत बोलली.'

हे चालायला निघाले होते, बूट हातात घेऊन दारात उभे. त्यांनी तोंड उघडलं, पोरीकडे पाहिलं, आणि आपलं आपणच मिटलं. लेक चुकत होती, अडखळत होती, मध्येच इंग्रजी घालत होती आणि बहीण तिला गुडघ्यापासून सगळं पहिल्यापासून सांगत होती. मी फोनसाठी हात पुढे करून बसले होते. माझा चहा गार झाला, तरी पलीकडून कुणी 'आईला दे' म्हटलं नाही.